पत्त्यांची निकाली कुस्ती: सोळा जणांची हेड्स-अप पोकर स्पर्धा, तीही पैशाविना

दिवाळी सरली, फराळाचे डबे तळाला लागले की कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर सोळा जण जमतात आणि एकास एक पोकर खेळतात. हरला तो बाहेर. सोळाचे आठ, आठाचे चार, चाराचे दोन, आणि शेवटी एकाच्या डोक्याला फेटा. गेली चार वर्षं हे चाललंय. यातलं पहिलं वर्ष इतकं फसलं होतं की रात्री अडीच वाजता अंतिम सामना सुरू झाला, दोन्ही खेळाडू बसल्या जागी पेंगत होते आणि बघायला फक्त आमची मांजर उरली होती.

तेव्हापासून दर वर्षी कोणीतरी विचारतंच, "आम्हालाबी आमच्या तालमीत असं घ्यायचंय, काय काय लागतं?" प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा हे एकदाच लिहून ठेवतोय. पोकर अजिबात न खेळलेल्या, पण लहानपणापासून पत्ते पिसणाऱ्या माणसासाठी हे आहे.

१. आधी टीव्हीवरचा मूळ प्रकार बघून घ्या

नेहमीच्या पोकरमध्ये एका टेबलाला आठ-नऊ जण बसतात. चांगली पानं येईपर्यंत माणूस निवांत पत्ते टाकत बसू शकतो. हेड्स-अप म्हणजे समोरासमोर दोघंच. तिथं थांबायची सोय नाही, कारण प्रत्येक डावात दोघांनाही टेबलावर काहीतरी टाकावंच लागतं. खासबागेच्या कुस्ती मैदानात खडाखडी, म्हणजे सुरुवातीची नुसती हातझटापट, फार लांबली की पंच दटावतात आणि गॅलरीतून शिट्ट्या सुरू होतात ना, तसं इथं पंचाचं काम ब्लाइंड करतात, म्हणजे पानं बघण्याआधी सक्तीने टाकायच्या चिप्स (पैशाच्या जागी वापरायच्या चकत्या).

या प्रकाराची टीव्हीवरची गाजलेली स्पर्धा म्हणजे अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीची नॅशनल हेड्स-अप पोकर चॅम्पियनशिप. २००५ साली लास व्हेगासमध्ये ती पहिल्यांदा झाली. ६४ खेळाडू, बहुतेक सगळे व्यावसायिक. त्यांचे इस्पिक, बदाम, चौकट, किलवर असे चार गट आणि प्रत्येक गटात सोळा जण. गट जिंकणारे चौघं उपांत्य फेरीत जायचे. बाकी सगळे सामने एक हार की बाहेर असे, अंतिम मात्र तीनपैकी दोन जिंकायचे. पहिल्या वर्षी फिल हेलम्युथने ख्रिस फर्ग्युसनला हरवलं. २००९ च्या अंतिम सामन्यात हक सीडपुढे व्हेनेसा रूसो हरली, आणि पुढच्याच वर्षी ॲनी ड्यूकने एरिक सायडेलला हरवून ही स्पर्धा जिंकली. सायडेलने २०११ मध्ये भरपाई केली. २०१२ ला स्पर्धा झालीच नाही. २०१३ ला माइक मॅटुसोने हेलम्युथला हरवलं आणि त्यानंतर ती बंद पडली.

यातला कुठलाही एक अंतिम सामना तुमच्या सोळा जणांना आधी दाखवा. नियम सांगत बसण्यापेक्षा तासभर बघितलेलं जास्त डोक्यात बसतं. बघताना हातातल्या पानांपेक्षा कोण किती वेळात आणि किती चिप्स पुढे करतो याकडे लक्ष ठेवायला सांगा.

एक गोष्ट मात्र आधीच सगळ्यांच्या कानावर घाला. बाद फेरीत चांगला खेळाडूच जिंकेल असं अजिबात नाही. समजा, एखादा इतका तयारीचा आहे की प्रत्येक सामना जिंकायची त्याची शक्यता शंभरात साठ आहे. ६४ जणांत सलग सहा सामने मारायची त्याची शक्यता शंभरात पाचसुद्धा भरत नाही. आपल्या सोळा जणांत, म्हणजे चार सामन्यांत, ती जेमतेम तेरा होते. आमच्यात जो सगळ्यात पट्टीचा खेळतो, ज्याला आम्ही वस्तादच म्हणतो, तो चारपैकी दोन वर्षं पहिल्याच फेरीत गेला. ज्याला हे सोसत नाही त्याने बुद्धिबळ खेळावं.

२. पैसा नको म्हणजे नकोच

हा मुद्दा वर घेतलाय, कारण दर वर्षी कोणीतरी खांद्यावर हात टाकून हळूच म्हणतंच, "शंभर-शंभर तरी काढूया की, त्याशिवाय मजा न्हाई."

नाही. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे, पण पोकर त्यात बसतो का, यावर न्यायालयांचं एकमत नाही. रमी ही मुख्यतः कौशल्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच म्हटलं. पोकरबद्दल गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली उलटा कौल दिला. पैसे लावून ऑनलाइन खेळायचं असेल तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने तो रस्ताच बंद केलाय. 'तीन पानी जुगार अड्ड्यावर छापा' ही बातमी आपल्याकडच्या पेपरात नवी नाही. तुमच्या गच्चीचं नाव त्यात कशाला?

म्हणून प्रवेश फी घेऊन बक्षीस वाटू नका. चहा-नाश्त्याची वर्गणी काढायची असेल तर ती आदल्या दिवशी काढा, सगळ्यांकडून सारखी काढा, आणि ती जिंकणाऱ्याच्या खिशात जाणार नाही हे तोंडावर सांगा. बाजूला बसून आपसात पैजा लावणारेही निघतात. त्यांना एकदा सांगा, दुसऱ्यांदा जिना दाखवा. घरातल्या मोठ्या माणसांना आणि शेजाऱ्यांना काय चाललंय ते आधी कळवून ठेवा. आमच्या आईने पहिल्या वर्षी चिप्सची पेटी बघितली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आता ती स्वतः पत्ते वाटायला बसते.

३. साहित्य

सोळा जणांना चार टेबलं पुरतात. एकदम चार सामने चालतात.

पत्त्यांचे कॅट: आठ. प्रत्येक टेबलाला दोन, पाठीचा रंग वेगवेगळा. एक वाटला जात असताना दुसरा पिसून तयार राहतो आणि वेळ वाचतो. प्लास्टिकचेच घ्या. कागदी पानांचे कोपरे तासाभरात दुमडतात, आणि दुमडलेल्या कोपऱ्याचा एक्का पाठीवरूनही ओळखता येतो. जोकर आधीच काढून टाका.

चिप्स: तीनशेची पेटी. घेताना रंगांची वाटणी बघून घ्या, हिशोब पाचव्या मुद्द्यात आहे.

बटन: डाव कोणाच्या नावावर वाटला जातोय हे दाखवायला जाड गोल चकती. आम्ही कॅरमचा स्ट्रायकर वापरतो. उत्तम चालतो.

घड्याळ: ब्लाइंड वाढायची वेळ झाली की वाजणारं. मोबाइलवर यासाठी फुकट ॲप मिळतात. आवाज चारही टेबलांना ऐकू गेला पाहिजे.

कापड: टेबलावर घोंगडी किंवा जाड चादर. उघड्या सनमायकावरून पत्ता उचलताना नखाने उलटा होतो आणि भांडण लागतं.

फळा आणि खडू: कोणाची जोड कोणाशी, हे लिहायला.

प्रत्येक कॅट सुरुवातीला मोजा. बावन्न. दुसऱ्या वर्षी एका टेबलावर उपांत्यपूर्व सामना अर्धा झाल्यावर लक्षात आलं की कॅटमध्ये एक्कावन्नच पानं आहेत. चौकट नव्वी सतरंजीखाली निघाली. आधीच्या तासाभरात जो जो हरला त्या प्रत्येकाला एकाएकी खात्री पटली की त्याचा फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं, त्या नव्वीमुळेच हुकला. सामना पहिल्यापासून खेळवावा लागला.

४. जोडी लावणं

कुस्तीच्या मैदानात जोड ठरवतात, तोलामोलाचा बघून. इथं तसं करू नका, जोड चिठ्ठीनेच पडू द्या. आम्ही चारही रंगांचे एक्का, दुर्री, तिर्री आणि चव्वी अशी सोळा पानं वेगळी काढतो, पिसतो आणि प्रत्येकाला एक ओढायला लावतो. एकाच रंगाचा एक्का विरुद्ध दुर्री, तिर्री विरुद्ध चव्वी. जिंकलेले दोघं पुढच्या फेरीत एकमेकांशी. म्हणजे प्रत्येक रंगातून एक जण उपांत्य फेरीत येतो, टीव्हीवरच्यासारखंच. कोण कोणाशी खेळणार हे फळ्यावर लगेच लिहून टाका. एकदा लिहिलं की बदल नाही, दोघं सख्खे भाऊ समोरासमोर आले तरी.

सोळा भरले नाहीत तर? चौदा आले तर दोघांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते. तीही चिठ्ठीनेच द्या. यजमानाला पुढे चाल मिळाली तर वर्षभर बोलणी खावी लागतात, हे अनुभवाने सांगतो.

पहिल्या फेरीचे आठ सामने दोन पाळ्यांत घ्या. एका पाळीत आठ जण खेळतात आणि उरलेल्यांपैकी चौघं पत्ते वाटतात. दुसऱ्या पाळीत हरलेले वाटायला बसतात. खेळाडूंनी स्वतः पत्ते वाटायचे नाहीत. संशय नको, आणि वेग दुप्पट होतो.

५. चिप्स आणि घड्याळ

पहिल्या वर्षी आमचं सगळं फसलं ते इथंच. आम्ही प्रत्येकाला भरपूर चिप्स दिल्या, ब्लाइंड वीस-वीस मिनिटांनी वाढवले, आणि एकेक सामना दोन-दोन तास चालला.

आता प्रत्येकाला ३,००० देतो: २५ च्या बारा, १०० च्या बारा आणि ५०० च्या तीन. म्हणजे माणशी सत्तावीस आणि टेबलाला चौपन्न. चार टेबलांना २५ च्या ९६, १०० च्या ९६ आणि ५०० च्या २४ अशा २१६ चिप्स लागतात. पेटीवर वेगळे आकडे छापलेले असले तर फळ्यावर 'लाल म्हणजे २५' असं मोठ्या अक्षरात लिहा.

ब्लाइंड म्हणजे पानं बघण्याआधी सक्तीने टाकायच्या चिप्स. एक जण छोटा टाकतो, दुसरा मोठा. सुरुवात २५ आणि ५० ने. दर सात मिनिटांनी वाढ: ५०-१००, ७५-१५०, १००-२००, १५०-३००, २००-४००, ३००-६००. सातव्या टप्प्यावर टेबलावर दोघांच्या मिळून ६,००० चिप्स म्हणजे दहाच मोठे ब्लाइंड उरतात. तिथून पुढे कोणी कितीही ताणलं तरी दोन-चार डावांत निकाल लागतोच. सामना पाऊण तासाच्या फार पुढे जात नाही. दुपारी चारला सुरू केलं तर नऊच्या सुमारास पानं पडतात. म्हणजे जेवणाची. तांबडा-पांढरा गार व्हायच्या आत.

ब्लाइंड वाढल्याची घंटा डाव चालू असताना झाली तर तो डाव जुन्याच ब्लाइंडने पुरा करायचा. हे आधी सांगा.

६. बटन: सगळ्यात जास्त घोळ इथं होतो

मोठ्या टेबलावर पोकर खेळलेला माणूस इथं हमखास चुकतो. तिथं बटनाच्या डावीकडचा छोटा ब्लाइंड टाकतो. दोघंच असले की नियम उलटा होतो, बटन ज्याच्यापुढे तोच छोटा ब्लाइंड टाकतो.

पहिलं पान बटन नसलेल्याला, दुसरं बटनवाल्याला, मग पुन्हा तसंच. दोन-दोन पानं झाली की पहिला बोलणार बटनवाला. फ्लॉप पडला, म्हणजे मधल्या पाचांपैकी पहिली तीन पानं उघडली, की तिथून शेवटपर्यंत आधी समोरचा बोलतो आणि बटनवाला नंतर. शेवटी बोलायला मिळणं हा मोठा फायदा आहे, समोरच्याचं बघून मग ठरवता येतं. म्हणूनच दर डावाला बटन सरकतं. सरकवायचं काम वाटणाऱ्याचं, खेळाडूंचं नाही.

हे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: 'बटन = छोटा ब्लाइंड. आधी पहिला, नंतर शेवटचा.'

७. तीन पत्तीवाल्यांना आधी विसरायला लावा

आपल्याकडे प्रत्येकाने दिवाळीत तीन पत्ती खेळलेली असते. त्यामुळे हातांची चढउतार येते, असं सगळ्यांना वाटतं, आणि तिथंच घात होतो.

तीन पत्तीत ट्रेल (तीन सारखी पानं) सगळ्यात वर आणि सिक्वेन्स (ओळीने येणारी पानं) कलरच्या (सगळी एकाच रंगाची, म्हणजेच फ्लश) वर. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर, आणि ट्रेल या दोघांच्याही खाली. हे मनाला येईल तसं ठरवलेलं नाही. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० हात होतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६ आणि ट्रेल फक्त ५२. जे दुर्मिळ ते वर. पाच पानांचे हात २५,९८,९६० होतात, त्यांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. इथं कलर दुर्मिळ झाला म्हणून तो वर गेला. आमच्या एका मित्राने तिसऱ्या वर्षी तीन गुलाम दाखवून चिप्स ओढायला दोन्ही हात पुढे केले, आणि समोरच्याने शांतपणे किलवरची पाच पानं मांडली. त्याचे ते अर्ध्यात थांबलेले हात अजून आठवतात.

खालून वर ही चढण छापून प्रत्येक टेबलावर ठेवा: नुसतं मोठं पान, एक जोडी, दोन जोड्या, ट्रेल, सिक्वेन्स, कलर, फुल हाऊस (तीन अधिक दोन), चार सारखी, एकाच रंगाचा सिक्वेन्स. हातातली दोन आणि मधली पाच अशा सातांपैकी सर्वोत्तम पाच धरायची. सहावं-सातवं पान मोजायचं नाही, त्यावरूनही वाद होतात.

बाकी नवख्यांना एवढं पुरे:

तीनच गोष्टी करता येतात. टाकून देणं, समोरच्याइतकं लावणं किंवा वाढवणं. समोरच्याने काही लावलंच नसेल तर 'चेक' म्हणून पुढे जाता येतं. नवखा माणूस फुकट पुढे जाता येत असताना घाईने पत्ते टाकतो. वाटणाऱ्याने त्याला अडवायचं नाही, पण सरावाच्या डावात हे दाखवून द्या.

वाढवायचं असेल तर आधी आकडा तोंडाने सांगा, मग चिप्स पुढे करा. आधी १०० पुढे करायचे, समोरच्याचा चेहरा बघायचा आणि मग 'अजून दोनशे' म्हणायचं, हे चालणार नाही. वाढ आधीच्या वाढीएवढी तरी हवी. ब्लाइंड १०० असताना कोणी ३०० केलं, म्हणजे दोनशेची वाढ झाली, तर पुढचा किमान ५०० करेल.

सगळं लावलं, म्हणजे ऑल-इन झालं, आणि समोरच्यानेही ते मान्य केलं, की दोघांनी पानं उघडी करायची. एकाकडे २,००० आणि दुसऱ्याकडे ४,००० असतील तर सामना दोन हजारांचाच, वरचे दोन हजार मालकाला परत. जास्तवाला हरला तरी तो अजून जिवंत असतो. हे समजावून सांगेपर्यंत एक-दोन जण चपला घालून निघालेले असतात.

थोडा अंदाजही द्या. हातात जोडी यायची शक्यता सतरात एक. दोन एक्के २२१ डावांत एकदा, म्हणजे तुमच्या अख्ख्या सामन्यात बहुधा नाहीच. हातात जोडी नसेल तर तीनांतून दोन वेळा फ्लॉपही तुमच्याशी जुळत नाही, आणि समोरच्याचीही तीच गत असते. वेगळ्या रंगांची राणी-सत्ती, जी मोठ्या टेबलावर कोणी बघतही नाही, ती दोघांच्या खेळात साधारण मधलं पान धरतात. म्हणून इथं निम्म्याहून जास्त पानं खेळावी लागतात. जो चांगल्या पानांची वाट बघत बसतो त्याला ब्लाइंड खातात. आमचे एक काका पहिल्या फेरीत सतत पानं टाकत राहिले आणि शेवटी राजा-राजा आले तेव्हा त्यांच्यापुढे चारच चिप्स उरल्या होत्या. ते जिंकले, आठ झाल्या, आणि पुढच्या डावात गेले.

सामन्याआधी अर्धा तास पत्ते उघडे ठेवून चार डाव खेळवा. त्याने जे कळतं ते कुठल्याही कागदाने कळत नाही.

८. टीव्हीसारखं दाखवायचं असेल तर

हा भाग ऐच्छिक आहे, पण खरी मजा इथंच आहे. टीव्हीवर पोकर चालायला लागला तोच मुळी हातातली पानं प्रेक्षकांना दिसायला लागली म्हणून. ब्रिटनच्या चॅनल फोरवर १९९९ साली टेबलात काच बसवून खालून कॅमेरा लावायची युक्ती दिसली. अमेरिकेत हेन्री ओरेनस्टाइन नावाच्या खेळणी बनवणाऱ्या माणसाने अशा कॅमेऱ्याचं पेटंट घेतलं होतं. त्याआधी प्रेक्षकाला दिसायचे ते दोन गप्प चेहरे.

आम्ही चारपैकी एकाच टेबलाला ही सोय केलीय. जुन्या प्लायवूडच्या फळीला दोन्ही बाजूंना वहीएवढी भोकं पाडली, त्यावर साधी काच बसवली आणि खाली सुतारदादांकडून अर्ध्या फुटाची पेटी लटकवून घेतली. पेटीत एलईडीची पट्टी आणि वर बघणारा मोबाइल. खेळाडू स्वतःची पानं बघतो, मग ती पालथी काचेवर ठेवतो. खालून कॅमेऱ्याला दोन्ही कोपरे दिसतात.

इथल्या चुका आम्ही सगळ्या करून झाल्यात. मोबाइलचा मागचा कॅमेरा वापरा. पुढचा वापरला की स्क्रीन वर येते आणि काचेतून उजेड खेळाडूच्या तोंडावर पडतो. विमान मोड चालू ठेवा. आमच्या एका उपांत्य सामन्यात ऐन ऑल-इनला कोणाच्यातरी बायकोचा फोन आला आणि रेकॉर्डिंग तिथंच थांबलं. चार्जर लावूनच ठेवा. काच आधी पुसून घ्या, चिवड्याचे तेलकट बोट उमटलं की बदाम आणि चौकट सारखेच दिसतात.

आणि सगळ्यात मोठं: थेट दाखवू नका. पहिल्या वर्षी आम्ही हौसेने खालच्या खोलीतल्या टीव्हीवर थेट दाखवलं. वर गच्चीवर एकाला राजा-राजा लागले आणि समोरच्याला एक्का-एक्का. राजावाला आता सगळं लावणार, इतक्यात जिन्यातून खालच्या वीस जणांचा एकसुरात "आई गंऽऽ" वर आला. त्याने क्षणभर विचार केला, पानं टाकली आणि हसला. एक्केवाला अजून सांगतो की तो सामना त्याचा होता. म्हणून आता फक्त रेकॉर्ड करतो आणि जेवताना दाखवतो. मोठ्या वाहिन्याही हेच करायच्या: सामने काही दिवसांत उरकायचे, कापाकापी करून आठवड्यामागून आठवडे दाखवायचे. जेवणापर्यंत निकाल सगळ्यांना माहीत असतो, तरी लोक ओरडतात. आपल्याला जो ब्लफ मारून गेला त्याच्या हातात नक्की काय होतं ते तिथं कळतं, आणि त्या वेळी ताटावरून उठून जाणारे दोघं-तिघं दर वर्षी असतात.

समालोचनाला एकच माणूस बसवा. शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघत वाढलेला कोणीही चालेल.

९. अंतिम सामना, फेटा आणि नारळ

अंतिम फेरी तीनपैकी दोन. प्रत्येक वेळी ३,००० पासून नव्याने, ब्लाइंडही पहिल्यापासून. वेळ कमी असेल तर सात मिनिटांऐवजी पाच करा, पण एकच सामना घेऊ नका. चार तास बसलेल्या माणसाला एका पानावर घरी पाठवणं बरं दिसत नाही.

विजेत्याला फेटा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा ग्लास, बाकी पंधरा जणांकडून. उपविजेत्याला शाल. पहिल्या फेरीत गेलेल्या आठांना अर्थातच नारळ. ते नारळ सोलकढीला परत मागून घेऊ नका, तशी प्रथा एकदा पाडायचा प्रयत्न आम्ही केला आणि फार वाईट वाटून घेतलं लोकांनी.

रात्री झोपायच्या आधी चिप्स आणि कॅट मोजून पेटीत ठेवा. सकाळी मोजू म्हटलं की सकाळी गच्ची झाडली जाते. आमच्या पेटीत २५ च्या दोन चिप्स आजही कमी आहेत, त्यांच्या जागी कॅरमच्या दोन पांढऱ्या सोंगट्या आहेत.